सेक्टर एकोणचाळीसमधलं वन-घुबड

३ नोव्हेंबर, सोमवार. रात्री ९.१०

आजपासून घुबडं. निर्णय पक्का.

काल पक्षी-गटाबरोबर चंदीगडच्या सुखना तलावामागच्या जंगलाकडे गेलो होतो. अंधार पडता पडता झाडीतून किर्रकिर्र आवाज आला आणि सगळे एकदम म्हणाले, स्पॉटेड आउलेट. म्हणजे आपला पिंगळा. मीही म्हणालो, पण सगळ्यांच्या नंतर. गटप्रमुख ढिल्लों मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाल्यात. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बहुधा कौतुकाने. अंधारात नीट कळलं नाही.

तेव्हा ठरवलं, फेब्रुवारीपर्यंत या भागातली सगळी घुबडं नुसत्या कानांनी ओळखायची. रोज रात्री दहा ते बारा गॅलरीत बसून ऐकायचं. सत्तावीस वर्षं इथल्या संशोधन संस्थेच्या यंत्रविभागात सेंट्रिफ्यूज दुरुस्त करतोय. शास्त्रज्ञांचे पेपर निघतात, त्यात माझं नाव शेवटी आभारात असतं, आणि तेही दोनदा चुकीचं छापलंय. एखादं घुबड तरी माझ्या नावावर लागावं. अपेक्षा फार नाही.

४ नोव्हेंबर. सकाळी ७.३०

काल दहाला बसलो. दहा वाजून सात मिनिटांपर्यंतची नोंद वहीत आहे. त्यानंतर माझ्या बायकोने, वसुधाने, हाताला धरून आत आणलं असं ती म्हणते. डोकं जड आहे. इथल्या पाण्यात काहीतरी आहे.

६ नोव्हेंबर

काल १०.०४ पर्यंत.

७ नोव्हेंबर

काल ९.५२ पर्यंत. म्हणजे सुरू होण्याआधीच. हा थकवा हवेमुळे. पंजाबात कापणीनंतर शेतं जाळतात, तो सगळा धूर इकडे येतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

उपाय सापडला. माणसाने जागायचं कशाला? संस्थेत मीटिंगांसाठी घेतलेला जुना रेकॉर्डर भंगारात निघाला होता. रीतसर अर्ज करून घरी आणला. बेडरूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाय, माझ्या उशीच्या बरोबर वर. समोर आंब्याचं झाड. माइकवर दव पडून खराब होऊ नये म्हणून त्याचं तोंड आतल्या बाजूला केलंय. यंत्रांची सवय असलेल्या माणसालाच असल्या गोष्टी सुचतात.

वसुधाने खिडकी लावून घेतली. म्हणाली, "घुबडासाठी मी न्यूमोनिया करून घेणार नाही." काच पातळ आहे. चालेल.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.५०

चहा न घेताच लिहितो.

पहिल्याच दोन रात्रींत आवाज सापडला! रात्री ११.१५ पासून पहाटे ५ पर्यंत, जवळजवळ सलग. खोल, जाड, छातीतून येणारा. आधी घर्रर्र अशी चढती घरघर, मग क्षणभर थांबून हूऽऽऽ. इतका जवळून की पक्षी खिडकीला टेकून बसला असावा. पिंगळा नक्की नाही, त्याचा आवाज चिरका. स्कॉप्स घुबड नाही, ते एकेकच हलका हुंकार देतं. उरलं वन-घुबड. ब्राउन वूड आउल! दाट जंगलातला, डोंगराकडचा पक्षी. शहराच्या सेक्टरांत त्याची एकही नोंद मला सापडली नाही.

ॲपला ऐकवलं. "पक्षी आढळला नाही." ॲप परदेशी आहे, त्याला आपली घुबडं काय कळणार.

जाईला ऐकवलं. आमची मुलगी, अकरावीत, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. तिने दहा सेकंदं ऐकलं आणि म्हणाली, "पापा, ये आप हो." म्हणजे आवाज मीच काढून रेकॉर्ड केला असा आरोप. बापाच्या प्रामाणिकपणावर! तिला एक दिवस पश्चात्ताप होईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठ रात्री, आठही रात्री घुबड हजर. असा नियमित पक्षी जगात नसेल.

वसुधाने पुन्हा माझ्या घोरण्याचा विषय काढला. तिचा हा जुना विषय आहे. मी स्वतःचं घोरणं कधी ऐकलेलं नाही, आणि आवाजाच्या बाबतीत मी ऐकल्याशिवाय काही मानत नाही. तिला तसं सांगितलं. ती पोळ्या करायला उठून गेली.

२१ नोव्हेंबर

महत्त्वाचं. घुबड मधूनच एकदम गप्प होतं. वीस सेकंद, तीस सेकंद. मग कुठूनतरी टक-टक, टक-टक असा कोरडा आवाज येतो, लाकडावर काही आपटल्यासारखा. लगेच घुबड मोठ्याने फुर्रर्र करून पुन्हा सुरू! दर वेळी याच क्रमाने. एका रात्रीत एकोणीस वेळा मोजलं.

पुस्तकात पाहिलं. टक-टक हा रातव्याचा आवाज. रातवा, म्हणजे नाइटजार. म्हणजे आमच्या खिडकीबाहेर दोन वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकमेकांशी बोलतायत. हे कोणी लिहून ठेवलेलं नसणार.

आज मीटिंगमध्ये डोळा लागला. डायरेक्टर बोलत होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वसुधा रविवारी महाराष्ट्र मंडळात मुलांचा मराठी वर्ग घेते. आज मुलांना बाराखडी लिहायला सांगून ती स्वतःच टेबलावर डोकं टेकून झोपली, असं जाईकडून कळलं. दुपारी घरीही झोपली. संध्याकाळीही. एवढा आळस बरा नव्हे असं मी सौम्य शब्दांत सुचवलं. तिने हातातली बांगडी मागे सारली आणि म्हणाली, "बरं." तिच्या मनगटावर बांगडीच्या जागी काळं-निळं झालंय. कॅल्शियम कमी असेल.

३ डिसेंबर

ढिल्लों मॅडमना फोन केला. २२ फेब्रुवारीच्या सभेत पंधरा मिनिटं मागितली. विषय: "चंदीगड शहरातील ब्राउन वूड आउलची पहिली नोंद आणि रातव्याशी त्याचा संवाद". मॅडमनी विषय पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मग म्हणाल्या, "कृष्णकांत जी, रिकॉर्डिंग पहले भेज दो?" मी म्हटलं, नाही, सभेतच. चोरीला जायला नको.

९ डिसेंबर

वसुधा आज पुण्याला गेली, भाचीचं लग्न. नऊ दिवस. जाताना जाईला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होती. गॅसबद्दल असावं.

११ डिसेंबर

विचित्र. रातवा गायब. दोन्ही रात्री एकदाही टक-टक नाही. स्थलांतर केलं असणार. घुबड एकटं पडलंय, आणि गप्प बसण्याच्या वेळा वाढल्यात. काल एकदा ४८ सेकंद. मीच हेडफोन लावून श्वास रोखून ऐकत होतो, मला एवढं रोखवलं नाही.

वसुधाचा फोन रात्री दोनला. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, सहज." पुन्हा पावणेचारला. सहजच. लग्नघरात लोकांना वेळेचं भान राहत नाही.

१४ डिसेंबर

रोज दोनला आणि पावणेचारला फोन. काल मी चिडलो. म्हणाली, "उचलताय ना, बास."

निरीक्षण: फोन वाजला की घुबड थांबतं आणि पंधरा-वीस मिनिटं ऐकू येईनासं होतं. लाजाळू पक्षी.

१८ डिसेंबर

वसुधा आली. योगायोग बघा, त्याच रात्री रातवाही परत. ११.४० ला पहिली टक-टक. बरं वाटलं. का कोण जाणे, मलाही.

२८ डिसेंबर, रविवार

जेवायला अपेक्षा आली होती. माझ्या चुलतभावाची मुलगी, सेक्टर ३२ च्या मेडिकल कॉलेजात एमडी करतेय. घरचं वरण-भात मिळतो म्हणून रविवारी येते. तिला रेकॉर्डिंग ऐकवलं. हसत हसत ऐकायला लागली. गप्प बसण्याचा भाग आला तेव्हा हसू गेलं. घड्याळ बघून सेकंद मोजले तिने. म्हटलं, शाब्बास, शास्त्रीय दृष्टी आहे.

ती म्हणाली, "काका, याला तपासायला आणा." मी म्हटलं, आधी पकडावं लागेल. तिने एका चिठ्ठीवर कुठल्यातरी ओपीडीचा वार आणि वेळ लिहून दिली. नंतर स्वयंपाकघरात ती आणि वसुधा बराच वेळ कुजबुजत होत्या. माझ्या भाषणानंतर छोटा सत्कार ठरवत असाव्यात. मी मुद्दाम तिकडे गेलो नाही.

चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रातव्याच्या वेळा लिहिल्या.

१२ जानेवारी, सोमवार

धुकं. जाईला शाळेत सोडायला निघालो. लाइट पॉइंटला लाल दिवा होता, म्हणून डोळे मिटून घुबडाचा आवाज मनातल्या मनात घोकत होतो. दिवा दोनदा हिरवा होऊन गेला म्हणे. मागच्या ट्रकवाल्याने उतरून काच वाजवली. "अंकल जी, सो गए थे?" मी सांगितलं, सोच रहा था. त्याने जाईकडे पाहिलं आणि हळू चालवा म्हणाला. उभ्या गाडीला हळू काय चालवायचं?

शाळेपाशी जाई उतरताना म्हणाली, "मैं बस से आ जाऊँगी. कल से जाऊँगी भी." मुलं स्वावलंबी होतायत.

संध्याकाळी वसुधाने गाडीची किल्ली मागितली. दिली नाही. मग रडली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला कितीदा सांगू?" मी म्हटलं, एकदा नीट सांग. ती म्हणाली की मी झोपेत घोरतो आणि मध्येच माझा श्वास थांबतो. पुन्हा तेच. मी शांतपणे सांगितलं की माझ्या खिडकीत गेले दोन महिने रेकॉर्डर आहे, मी घोरत असतो तर त्यात आलं नसतं का? त्यात घुबडाशिवाय दुसरा आवाजच नाही.

वाद मी जिंकला. किल्ली मात्र रात्री खुंटीवरून गेली.

२५ जानेवारी

मोर्नीच्या डोंगरात एक रात्र, फॉरेस्टच्या रेस्ट हाउसमध्ये. बरोबर ऑफिसातले देवदत्त, नागपूरकडचे, भला माणूस. एकाच खोलीत दोन खाटा. रेकॉर्डर लावला. आनंदाची बातमी: तेच घुबड मोर्नीतही! अगदी तोच आवाज, तीच घरघर. मूळ घर डोंगरात आणि हिवाळ्यात शहरात उतरतं, हा माझा अंदाज सिद्ध झाला. रातवा मात्र तिथे नाही.

देवदत्त सकाळी जीपमध्ये झोपलेले सापडले. पांघरूण, उशी सगळं घेऊन गेले होते. विचारलं तर म्हणाले, "बाप्पा, तुम्ही घुबड शोधून राहिले होय!" आणि चहा घ्यायला गेले. बिबट्याला घाबरले असतील. मी विषय वाढवला नाही.

८ फेब्रुवारी

थकवा फार. पायऱ्या चढताना मधे थांबावं लागतं. सकाळी डोकं असं दुखतं की जणू रात्रभर कोणी त्यावर बसलं होतं. भाषण झालं की आठ दिवस रजा टाकून झोपणार आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ९

उद्या. कोट इस्त्रीला दिला होता, आला. सगळ्यात चांगली क्लिप निवडलीय, ३ मिनिटं १० सेकंद: घुबड, शांतता ४१ सेकंद, रातवा, घुबड. वसुधाला म्हटलं, येतेस का? म्हणाली, "नको. तुम्हीही नका जाऊ." नवऱ्याचं नाव होतंय तर बायकोने असं बोलावं? पण राग धरला नाही. मोठ्या दिवसाच्या आधी धरू नये.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७

झालं.

एकोणीस जण होते. बागेतल्या हॉलमध्ये. प्रस्तावना चांगली झाली, दोन ठिकाणी लोकांनी माना डोलावल्या. मग क्लिप लावली. हॉलचे स्पीकर मोठे. पहिल्या घरघरीलाच मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. ढिल्लों मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि क्लिप पुन्हा लावायला सांगितली. डोळे मिटून ऐकली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कृष्णकांत जी, रिकॉर्डर कहाँ रखा था?"

सांगितलं. खिडकीत, उशीच्या वर.

"माइक किस तरफ?"

सांगितलं.

तेवढ्यात एक वयस्क सरदारजी उठले, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले. मला म्हणाले, "ओ जी, एह उल्लू तां साडे घर वी सी. मशीन लग्गी, उड्ड गया." म्हणजे हे घुबड त्यांच्याही घरी होतं, मशीन लागलं आणि उडून गेलं. मग सगळा हॉल हसला. त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. नंतर चहाला त्यांनीच माझ्या कपात साखर घातली.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, रातवा इथे या दिवसांत बोलत नाही. मग हा टक-टक कोण करतंय, ते घरी जाऊन बघा.

तज्ज्ञांमध्ये मतभेद असतातच.

त्याच दिवशी. रात्री १०

रेकॉर्डरची प्लास्टिकची खोळ उशीवर घेऊन बसलोय. खोळीवर माइकची दिशा दाखवायला पेनने बाण काढलाय, माझाच. आत दाखवणारा.

२३ फेब्रुवारी. रजा

दिवसभर हेडफोन लावून ऐकलं. शंभरच्या वर रात्री आहेत, सगळ्या नाही झाल्या. या वेळी फक्त टक-टक ऐकली. तिच्या आधी कापडाची सळसळ असते. एका ठिकाणी खोकला आहे. बाईचा. एका ठिकाणी टक-टक चार वेळा होते आणि तरी घुबड सुरू होत नाही. मग टक-टक जोरात, आणखी जोरात, आणि मग कोणीतरी दोन्ही हातांनी काहीतरी हलवल्यासारखा पलंगाचा आवाज. मग फुर्रर्र. मग कितीतरी वेळ नाक ओढण्याचा आवाज. तेही बाईचं.

ती १६ जानेवारीची रात्र. वहीत त्या दिवशीचं पान पाहिलं. काहीच लिहिलेलं नाही. चांगली झोप लागली असावी.

२४ फेब्रुवारी

वसुधाला विचारलं. भांडी आवरता आवरता तिने सांगितलं. हाताने हलवलं की मी झोपेत चिडून हात झटकतो, एकदा तिच्या ओठाला लागलं होतं. हाका मारून उपयोग होत नाही. पलंगाच्या लाकडावर बांगडी आपटली की मात्र मी श्वास घेतो. हे तिने करून करून शोधून काढलं. चार वर्षं झाली.

मी म्हटलं, आणि तू झोपायचीस केव्हा?

म्हणाली, "दुपारी. तुम्ही म्हणायचात ना आळस."

मला लाज वाटली. हॉलमधल्या हशाची नाही. तो हशा आता आठवतही नाही फारसा. हातातली वही फाडावीशी वाटली, पण पुढे लिहायला दुसरी नाही.

अपेक्षाची चिठ्ठी शोधली. रातव्याच्या वेळांच्या मागे ओपीडीची वेळ शाबूत होती.

१० मार्च

तपासणी झाली. अंगाला वायरी लावून एक रात्र झोपवलं. तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबतो. यंत्रविभागातलं कुठलंही मशीन असं चाललं असतं तर मी ते पहिल्याच दिवशी बंद करून लाल पाटी लावली असती. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, सर, इतकी वर्षं गाडी चालवताय? मी वसुधाकडे पाहिलं. तिने पर्समध्ये हात घालून किल्ली आहे ना ते बघितलं.

नाकावर मास्क लावून झोपायचं. मशीन हवा सोडत राहतं.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ६

मशीनची पहिली रात्र. काय सांगू! डोकं हलकं. चव लागतेय चहाला. किती वर्षांनी असं उठलोय, आठवत नाही. अर्थात मशीनची जोडणी मी स्वतः तपासली होती, त्याचाही भाग आहे.

आता पुन्हा घुबडं. खरीखुरी. जागता येईल. दहा ते बारा, रोज. वसुधालाही कालपासून शांत झोप. चार वर्षांचं देणं एका रात्रीत फिटलं.

त्याच दिवशी. सकाळी ८

फिटलेलं नाही. वसुधा झोपलीच नाही. डोळे लाल. पलंगावर उशाशी बसून होती रात्रभर. विचारलं तर म्हणाली, "आवाजच येत नव्हता तुमचा." मशीनची बारीक सूं तेवढी. आत मी आहे की नाही, तिला कळेना. दिवा लावून छाती हलतेय का ते बघत बसली.

घोरत होतो तर झोप नाही, घोरत नाही तर झोप नाही. मी चिडणार होतो, पण उठून तिच्यासाठी चहा टाकला.

१५ मार्च, रविवार. पहाटे ५.१५

रात्री तिला म्हटलं, माझ्या छातीवर हात ठेवून झोप. हात वरखाली होत राहील, बघावं लागणार नाही. आधी नको म्हणाली. लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या माणसांनी काहीतरीच, असं तिचं म्हणणं. मग ठेवला. अर्ध्या तासात तिचा हात जड झाला. झोपली. तोंड थोडं उघडं, केस विस्कटलेले. इतकी दमलेली बाई मी आधी कधी नीट पाहिली नव्हती, आणि ती माझ्याच शेजारी झोपत होती.

मी जागा राहिलो. हललो तर ती उठेल म्हणून, पाचला तिने स्वतः हात काढेपर्यंत, कूस बदलली नाही. पाठ भरून आली. खांद्याला मुंग्या. रेकॉर्डर कपाटात, फोन टेबलावर, हात पोचत नाही.

साडेतीनच्या सुमारास समोरच्या आंब्यावर घुबड बोललं. खरं. तीन वेळा, मधे थांबून, मग आणखी दोनदा. मास्कची सूं चालू होती आणि खिडकी बंद होती, तरी ऐकू आलं. उठलो नाही.

घुबड होतं एवढं नक्की. कोणतं, ते ओळखता आलं नाही.